शेवटची वीस मिनिटं

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

जहाजवाला सिनेमा बघितला. म्हणजे नेहमीसारखा सव्वाआठपर्यंत बघितला.

तू लिहिलं होतंस की नायक दिसायला बरा आहे. अगं, चष्म्याच्या दुकानात काम करतेस, लोकांना खालची ओळ वाचायला लावतेस, तुझे स्वतःचे डोळे कधी तपासणार? त्या माणसाचं नाक डावीकडे झुकलंय. मी दिवसाला तीस-चाळीस जणांचे एक्स-रे काढते, हाडाचं मला सांगू नकोस. बायकोचं काम केलेली मात्र झकास आहे. नवरा बुडून मेला म्हणून कळतं आणि ती बंदरावर क्रेन चालवायला शिकते, तो भाग मी विसरणार नाही. खाली सगळे गडी दात काढतायत, हिचे हात कापतायत, आणि ती ते अजस्र खोकं अंडं ठेवावं तसं अलगद खाली ठेवते. मी टाळीच वाजवली. शेजारच्या आजोबांनीही वाजवली आणि मग मला विचारलं, काय झालं म्हणून.

मग सात वर्षांनी तो नवरा परत येतो. दार वाजतं. ती आतून कडीला हात लावून उभी. आणि माझ्या घड्याळात सव्वाआठ! वसतिगृहाचं गेट साडेआठला बंद होतं हे तुला माहीतच आहे. एक मिनिट उशीर झाला तर वॉर्डनबाई लेखी कारण मागतात, आणि ‘सिनेमाचा शेवट बघत होते’ हे त्यांच्या मते कारण नव्हे. नवा सिनेमा इथे फक्त सहाला आणि नऊला असतो, दुपारी सगळे जुने मारधाडीचे. तेव्हा लोकांच्या पायांवर पाय देत मी बाहेर पडले आणि रस्ताभर धावले.

आता सांग, ती दार उघडते का? तुमच्याकडे सिनेमा आमच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणजे तुझ्याकडे शेवट तयारच असणार.

आठ महिने झाले मला घरातून निघून. कुणी विचारलं तर मी सांगते की नवरा दुसरीकडे असतो. यात खोटं काही नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला कायम करायचं ठरवलंय. एकतीस मार्चपर्यंत कागदावर सही करायची. एकदा सही केली की मी इथलीच. तो कागद मी रोज काढते, वाचते, परत पेटीत ठेवते. कशात जीव रमत नाही बघ.

तुझा दादा कसा आहे? नको, सांगू नकोस. बरं, सांग.

तुझी वहिनी


१६ जानेवारी

प्रिय वहिनी,

नाकाचं सोड. पोटापाण्यासाठी हाडं बघणाऱ्या बाईला सिनेमाचं तिकीटच देऊ नये!

ती दार उघडते. लगेच नाही हां, दिग्दर्शकाने भलतं ताणलंय. आधी कडीवरचा हात, मग त्याचे भिजलेले बूट, मग परत हात. माझ्या पुढच्या रांगेतली बाई ओरडली, “उघड की गं बये!” मग ती उघडते. आत दिवा लावलेला, टेबलावर दोन ताटल्या. सात वर्षं ती रोज दोन ताटल्या मांडत होती, हे आपल्याला तेव्हा कळतं. मी रुमाल आणला नव्हता, ओढणीवर भागवलं.

दुकानात नेहमीचंच. काल एक काका नंबर काढायला आले, वरचं मोठं अक्षरसुद्धा दिसेना. मी घाबरले. मग कळलं, चष्मा डोळ्यांवर नाही, कपाळावर होता.

दादा बरा आहे. कमी बोलतो, पण आधीसारखं नाही. परवा मी जेवायला तुझ्या खुर्चीवर बसले, तर म्हणाला, “तिथं नको बसूस. ती तिची खुर्ची आहे.” तुला सांगावंसं वाटलं इतकंच.

आता शिंपिणीचा सिनेमा येतोय. चुकवू नकोस.

तुझी भिंगरी


४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

खुर्चीचं वाचून मी ते पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा, तर मी खांद्याचा काढला. म्हातारा म्हणाला, “असू दे बाई, तोही दुखतोच.”

शिंपिणीचा सिनेमा बघितला. तू या सिनेमाबद्दल इतकं कमी का लिहिलंस? मला तर हा वर्षातला सगळ्यात चांगला वाटला. नवरा नावाजलेला गवई. जगासाठी गळ्यात मध, घरात मात्र सगळं तिच्यावर टाकून मोकळा. ती एक दिवस मशीन उचलून निघते आणि दुसऱ्या गल्लीत दुकान टाकते. त्या गाण्यांत मला काही राम वाटला नाही, सगळी एकाच चालीची भावंडं. पण मशीनचा आवाज कसा वापरलाय! ती अस्वस्थ असली की पाय जोरात चालतो. शब्द एक नाही, नुसती टाके पडण्याची खडखड, आणि आपल्याला सगळं कळतं. मग तो दुकानात येतो. म्हणतो, “कोट शिवायचाय, मोठी बैठक आहे.” ती त्याचं माप घ्यायला उठते. टेप त्याच्या खांद्यावर, दोघं इतके जवळ, की मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आणि सव्वाआठ.

भिंगरी, आपण दोघी सिनेमावर इतकं लिहितो, पण त्या सिनेमाबद्दल कधीच लिहीत नाही. आज लिहिते. तिघं मिळून गेलो होतो. नायक मरणाच्या दारात, डोळ्यांतून पाणी, आणि त्याची खोटी मिशी एका बाजूने सुटून लोंबायला लागली. मी हसले. थिएटर हसलं. पण तुझा दादा रडत होता, ते मला अंधारात दिसलं नाही. त्यानंतर त्र्याहत्तर दिवस त्याने माझ्याशी अबोला धरला. पहिला नव्हता तो, पण सगळ्यात लांब होता. एका घरात, एका टेबलाशी बसून तो तुला सांगायचा, “हिला सांग, साखर संपली.” तू मला सांगायचीस, मी तुला सांगायचे, तू त्याला. मला मार नव्हता, शिवी नव्हती. बाहेर कुणाला सांगितलं तर लोक म्हणाले असते, एवढंच ना? पण चौऱ्याहत्तराव्या दिवशी आंघोळीला गेले आणि माझाच आवाज ऐकावा म्हणून पाढे म्हणायला लागले. त्याच दुपारी मी बॅग भरली.

हे मी तुला कशाला सांगते? तू तिथेच होतीस. स्वतःला सांगत असेन, कारण अलीकडे विसरायला होतं. तू लिहितेस की तो बदललाय. खरंच बदललाय का गं?

शिंपीण काय करते ते लवकर कळव.

तुझी वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

कमी लिहिलं कारण तुझी मजा घालवायची नव्हती.

ती माप घेते, कोट शिवते. तो घालून बघतो तर अगदी चपखल. खिशात हात घालतो तर आत एक चिठ्ठी. तीत काय लिहिलंय ते दाखवत नाहीत. पण पुढच्या दृश्यात ती कात्री खाली ठेवते, दुकानाला कुलूप लावते आणि घरी जाते. दार उघडंच असतं. आत दिवा. तो गात नसतो, तिची वाट बघत गप्प बसलेला असतो. मला आवडलं. काही लोक कुरकुरले, पण लोकांचं काय!

दादाने काल विचारलं, “तिकडे थंडी असेल का?” मी म्हटलं, असेल की. तर म्हणाला, “तिची शाल इथेच राहिली.” एवढंच. पण वहिनी, नऊ महिन्यांत त्याने आपणहून काढलेला हा पहिला विषय. माणूस बदलतो. हळू बदलतो, पण बदलतो.

पुढचा सिनेमा पोस्टमनचा आहे. विनोदी आहे, पोट धरून हसशील.

तुझी भिंगरी


३ मार्च

प्रिय भिंगरी,

पोस्टमनचा बघितला, पण हसू फारसं आलं नाही. विनोद बरे होते, माझंच लक्ष नव्हतं. तो पोस्टमन आणि त्याची बायको भांडतात, ती माहेरी जाते, आणि तो तिला रोज स्वतःच लिहिलेलं पत्र स्वतःच नेऊन टाकतो, तिथपर्यंत बघितलं. शेवट तू सांगशीलच. पण मला तो आता माहीत आहे असं वाटतं.

मी ठरवलंय. सही करणार नाही. मोठे डॉक्टर रजेवर आहेत, ते बावीस तारखेला आले की सांगेन आणि महिनाअखेरीला घरी येईन. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, पण ठरवल्यावर एकदम हलकं वाटायला लागलं. शालीचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्याला शाल आठवते, त्याला माणूसही आठवत असणार.

तू दादाला सांग. तुझ्याच तोंडून गेलेलं बरं, तुला ते जमतं.

तुझी वहिनी


८ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. आनंद झाला. फारच आनंद झाला. पण इतकी घाई कशाला? डॉक्टर यायला अजून अवकाश आहे. नीट विचार कर. म्हणजे, ये, जरूर ये. पण नोकरी चांगली आहे, तीही एकदम सोडणं बरं नव्हे.

पोस्टमनचा शेवट ठीकच आहे. ती परत येते, दार उघडंच असतं, दिव्याखाली सगळे एकत्र जेवतात.

दुकानात गर्दी आहे म्हणून थोडक्यात लिहिते. आनंद झाला.

भिंगरी


१४ मार्च

वन्संना नमस्कार,

परवा आमचं एक्स-रेचं मशीन बंद पडलं आणि आम्हाला बाराला सोडलं. तुमचा शिंपिणीचा सिनेमा आता शिळा होऊन छोट्या थिएटरात दुपारी लागलाय. म्हटलं, एकदा तरी पडदा पडेपर्यंत बसावं. बसले.

ती माप घेते. कोट शिवते. चपखल बसतो. तो म्हणतो, “चल घरी.” ती म्हणते, “कोट मंगळवारपर्यंत हवा होता ना? एक दिवस आधी दिलाय.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावते. चिठ्ठी नाही, कुलूप नाही, दिवा नाही. शेवटी फक्त मशीनची खडखड, आणि ती आता एका लयीत चाललेली असते. इतका चांगला शेवट मी कधी बघितला नव्हता, आणि तो बघताना रागाने माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

मग मी आमच्या विभागात झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं, त्या प्रत्येक सिनेमा दोनदा बघतात. जहाजवाल्यात ती दार उघडत नाही. पोस्टमनच्यात ती सगळी पत्रं त्याला परत करते. वन्सं, तीन सिनेमे, तीन दिग्दर्शक, आणि तुमच्या पत्रात तिन्हींचा शेवट एकच, दार उघडं आणि आत उजेड. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आता मला सांगा, शालीचं वाक्य कुणाचं? खुर्चीचं कुणाचं? की तेही तुम्हीच लिहिलंत?

आणि माझंही सांगते, कारण सगळा दोष तुमच्या पदरात टाकून मी मोकळी होणार नाही. मावशी रोज माझ्या शेजारी बसून डबा खातात. शेवट त्यांना कधीही विचारता आला असता. मी विचारला नाही. मला तुमचेच शेवट हवे होते.

पण त्या शेवटांवर मी नोकरी सोडायला निघाले होते. गमतीत केलंत की मुद्दाम, ते मला कळलंच पाहिजे.

आपली,
वहिनी


१८ मार्च

वहिनी,

मला तुम्ही म्हणू नकोस गं. हवं तर शिव्या दे.

मुद्दाम केलं.

खुर्ची दादाने माळ्यावर टाकली, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. शाल कुठे आहे मला माहीत नाही. तुझं नाव त्याने दहा महिन्यांत एकदाही घेतलेलं नाही. सहा फेब्रुवारीला मी धीर करून म्हटलं, “दादा, वहिनीला एक पत्र टाक ना.” तेव्हापासून त्याने माझ्याशी अबोला धरलाय. आज चाळीस दिवस झाले. थंडीचं मी तुला लिहिलं, त्या दिवशी अबोल्याचा पाचवा दिवस होता.

आधी निरोप न्यायला मी तरी होते. आता घरात तिसरं कुणीच नाही. तो ऑफिसातून येतो, ऑफिसचेच नकाशे टेबलावर पसरतो आणि भिंतीवरच्या घड्याळाला सांगतो, “विजेचं बिल आलंय म्हणावं.” मी घड्याळाला सांगते, “भरलं म्हणावं.” तू असतीस तर आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो असतो. एकटीला नाही हसता येत. परवा एका गिऱ्हाइकाने दुकानात मला “कशा आहात?” विचारलं आणि मला रडूच आलं. मालक म्हणाले, डोळ्यांत थेंब घालून घे.

अजून एक सांगायचंय, ते सांगितल्यावर तू कदाचित परत लिहिणार नाहीस. त्या त्र्याहत्तर दिवसांतही मी हेच करत होते. तो म्हणायचा, “हिला सांग, या घरात हिची काही गरज नाही.” मी तुला येऊन सांगायचे, दादा म्हणतो आज तू दमलेली दिसतेस, पडून राहा. तू म्हणायचीस, “त्याला सांग, मी हात जोडते, एकदा बोल.” मी त्याला सांगायचे, वहिनीने विचारलंय भाजी कोणती करू. मला वाटायचं, मी आहे म्हणून घर टिकलंय. आता वाटतं, मी नसते तर तू सत्तर दिवस आधीच सुटली असतीस.

त्याने मला वाढवलं, शिकवलं, ते मी विसरत नाही. पण तू परत यावीस असं मला वाटलं ते त्याच्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी. हे घर मला एकटीला झेपत नाही, दोघींना झेपलं असतं. तू येते म्हणालीस तेव्हा मात्र माझी बोबडी वळली. तू बॅग घेऊन दारात येशील आणि आत काय असेल ते मला माहीत होतं.

येऊ नकोस, वहिनी. हा शेवट खरा आहे.

भिंगरी


२३ मार्च

प्रिय भिंगरी,

काल डॉक्टर आले. मी सही केली. हात कापला नाही. त्यांनी पेढे-बिढे काही दिले नाहीत, फक्त म्हणाले, “आता तरी गुडघा आणि खांदा वेगळे ओळखा.”

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडणार होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुला जवळ घ्यावंसं वाटलं. अजून दोन्ही वाटतं, एकाच वेळी. ‘गरज नाही’ हे वाक्य मला वर्षभर उशिरा मिळालं. ते तेव्हा मिळायला हवं होतं, भिंगरी. दुखलं असतं, पण ते माझं होतं. यावर मी तुझ्यावर रागावले आहे आणि थोडे दिवस रागावलेलीच राहणार. ते तू सहन कर.

पण तू तिथे घड्याळाशी बोलतेस हे मला चालणार नाही. आमच्या डोळ्यांच्या विभागात नंबर काढायला माणूस हवंय, मी तुझं नाव दिलंय. माझ्या खोलीत एक खाट रिकामी आहे. वॉर्डनबाईंना मी सांगितलं, नणंद येणार. त्या म्हणाल्या, “नणंद? आणि तुम्ही स्वतःहून बोलावताय?”

त्याआधी एक काम. माझा एक निरोप दादाला दे. समोर उभी राहून दे, घड्याळाला नाही. ‘मी परत येणार नाही. हे मी शुद्धीवर सांगते आहे.’ बस. यातला एक शब्द बदललास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी वहिनी


२९ मार्च

प्रिय वहिनी,

दिला.

रविवारी सकाळी तो नकाशावर रेघा मारत होता. मी टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, “वहिनीचा निरोप आहे. मी परत येणार नाही. हे मी शुद्धीवर सांगते आहे.” त्याने पट्टी खाली ठेवली. जवळजवळ पन्नास दिवसांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हे तिचं आहे की तुझं?”

वहिनी, त्याला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. मी इकडचं तिकडे गोड करून नेते हे ओळखूनच तो वाटेल ते बोलत होता, कारण ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही याची त्याला खात्री होती. मला वाटत होतं मी तुला वाचवते आहे. मी त्याला वाचवत होते.

मी म्हटलं, “तिचं आहे. अक्षर न् अक्षर.”

त्याने पट्टी नकाशाच्या कडेला सरळ लावली. मग म्हणाला, “तिला सांग...” आणि थांबला. माझी जीभ इतक्या वर्षांच्या सवयीने ‘काय सांगू?’ म्हणायला वळलीच होती. पण म्हटलं, “मी नाही सांगणार. तूच लिही.” आणि त्याच्या नकाशावर एक कोरा कागद ठेवला.

तो कागद तीन दिवस तिथेच होता. मी जाता-येता बघत होते. पहिल्या दिवशी कोरा. दुसऱ्या दिवशी वर ‘प्रिय’ असं लिहिलेलं, त्याच्या त्या नकाशातल्या सरळ अक्षरात. तिसऱ्या दिवशीही तेवढंच. बुधवारी कामावर जाताना त्याने तो घडी करून माझ्या पर्सपाशी ठेवला. घडी न उघडता सोबत जोडला आहे. पुढचं काय असेल ते मला ठाऊक नाही आणि मी त्यात काही भरलेलं नाही.

दुकानातल्या मालकांना सांगून झालं. मी पाच तारखेच्या सकाळच्या गाडीने निघते. दादालाही सांगितलं, घड्याळाला नाही, त्यालाच. म्हटलं, दादा, मी जाते आहे, वहिनीकडे राहीन, नोकरी बघेन, तुला पत्र लिहीन. त्याने ऐकून घेतलं आणि परत अबोला धरला.

धरू दे.

भिंगरी